एका जागेच्या दोन चिठ्ठ्या

"चंदाबाई, त्याले सांगा, त्यानं सोडलेली इलाजाची जागा मले नको," चैतू म्हणाला. "त्याच्या हातचं पानीबी पेत नाई मी."

त्याचा सख्खा मोठा भाऊ बापूजी हातभरावरच्या खुर्चीत बसला होता. "चंदाबाई, त्याले सांगा, मी कोनासाठी काई सोडत नसतो," तोही गुरगुरला.

नर्स चंदाने कपाळावर हात मारला. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणातून, सात वर्षं अबोला आणि दुखणं मात्र दोघांना एकच. दोघांनाही झटका येऊन गेलेला, दोघांच्याही हृदयाचा अर्धा स्नायू मेलेला. चार पावलं चाललं की दम तुटायचा. बाप यातच गेला होता.

ब्रह्मपुरीच्या त्या दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी चालू होती.

"प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळपेशी हृदयात सोडतो," डॉक्टर अश्वजित म्हणाले. "बांधीत धान मेलं की तुम्ही तिथे पुन्हा पऱ्ह्यांची रोपं लावता ना, तसं. धरल्या तर नवा स्नायू येईल, धरतीलच असं नाही. पण दोघांकडेही वेळ थोडा आहे आणि जागा एकच आहे. कॉम्प्युटर नाव काढेल."

"त्या डब्ब्यावर कोन इस्वास ठेवते?" बापूजी ओरडला. "आमच्या गावात तलावाच्या पान्याची पाळी चिठ्ठीनं ठरते. चिठ्ठी टाका!"

एवढ्या एका बाबतीत चैतूलाही ते पटलं. डॉक्टरांनी हात टेकले. "बरं. निघेल त्याला जागा. मग बदल नाही."

बापूजीने कागद ओढला. गावात चिठ्ठ्या तोच लिहायचा, चैतूला अक्षरओळख नव्हती. पाठ फिरवून त्याने दोन चिठ्ठ्या खरडल्या, घड्या घातल्या आणि स्टीलच्या वाटीत टाकल्या.

काऊन पाठ फिरवली लेकाने? चैतूचं डोकं तडकलं. दोन सालं पाण्याची पाळी आपलीच शेवटी आली, ती अशी! दोन्ही चिठ्ठ्यांवर स्वतःचंच नाव लिहिलं असणार चोरट्याने. ओरडावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण ओरडलं तर चिठ्ठ्या नव्याने पडणार, पुन्हा नशिबाचा खेळ. त्यापेक्षा त्याचाच डाव त्याच्यावर उलटवावा.

"चिठ्ठी मी काढतो," तो म्हणाला. काढली, तोंडात टाकली आणि घटकन गिळली.

"अगं बाई! हे काय केलं?" चंदा किंचाळली.

"त्यात काय एवढं?" चैतू मिशीत हसला. "वाटीत उरली ते वाचा. तिच्यावर ज्याचं नाव नाई, त्याची मी गिळली. हिसाब साफ हाये."

बापूजी ताडकन उभा राहिला. "नाई! पुन्हा लिहू! हे चालनार नाई!"

"काऊन? भेव वाटून राह्यलं का?" सात वर्षांत चैतू पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलला. "वाचा, डाक्टरसाहेब!"

बापूजीने वाटीवर झडप घातली, पण चंदाने चिठ्ठी आधीच उचलली होती. तिने ती उलगडून डॉक्टरांपुढे धरली.

"चैतू," डॉक्टरांनी वाचलं. "म्हणजे गिळली ती बापूजींची. जागा बापूजींना." त्यांनी अर्जावर नाव लिहिलं आणि सही केली.

चैतूने वाटीत पुन्हा पुन्हा पाहिलं.

बापूजी मटकन खाली बसला.

"बेअक्कल," तो भावाकडे बघत म्हणाला, "दोन्हीवर तुयंच नाव लिहिलं होतं ना बे मी."