तांब्याच्या पत्र्याखाली

इवाओच्या तलवारीची मुठीजवळची लोखंडी चकती बघून कानाझावा शहरातल्या तलवारप्रेमी मंडळातले संग्राहक नाकं मुरडायचे. "कारागिराचं ना नाव, ना गाव!" नाव आत दडलं असेल म्हणून आज इवाओनं मूठ उतरवली, चकतीवरचा तांब्याचा पातळ पत्रा काढला. नाव तिथेही नव्हतं. तिथे तांदळाएवढा रातकिडा कोरलेला होता, मिशांसकट.

"तोमिए, अगं, धावत ये!"

तिनं भिंगातून पाहिलं. "अगंबाई, आता किरकिरायला लागेल की हा! दाखवा त्या मंडळवाल्यांना, तोंडं बंद होतील."

इवाओनं पत्रा हळूच परत बसवला. "नको. ज्यानं कोरला, त्यानंच झाकून ठेवलाय."

"मग मला कशाला दाखवलात?"

"त्यानंही बायकोला दाखवलाच असेल की!"