लाइट गेल्यावर

जामखेडच्या सभागृहात अल्मासने मोठ्या हौसेने कलाकार आणि इंजिनिअर एकत्र बोलावले होते. विषय होता पर्यायी ऊर्जा. पण डावीकडे इंजिनिअर स्लाइड वाचत होते आणि उजवीकडे कलाकार मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. एकमेकांशी कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली. उकाड्याने जीव नकोसा झाला, तशी सगळी मंडळी बाहेर लिंबाखाली येऊन बसली.

"तुमच्या पवनचक्क्या सगळ्या पांढऱ्याच का हो?" एका चित्रकाराने विचारलं. उत्तर द्यायला एका इंजिनिअरने काडीने मातीत पातं काढलं. शिल्पकार बाईंनी त्याच्या हातातली काडी घेऊन त्या पात्याला बाक दिला. बघता बघता सगळे उकिडवे बसून मातीवर वाद घालू लागले.

"थांबा, बोर्ड बघून येतो," म्हणत म्हातारे इंजिनिअर गहिनीनाथराव आत गेले. बोर्डाचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि चहा ओतता ओतता अल्मासने दाराकडे पाहिलं.

गहिनीनाथराव बाहेर आले. मातीवर वाकलेल्या डोक्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"पार वरूनच गेलीय. संध्याकाळपत्तुर काय येत न्हाई."

अल्मासने पहिला चहा त्यांच्या हातात दिला. मेन स्विच तिनेच पाडला होता.