समोरचा डोंगर

"रोज सकाळी पडवीत बसून समोरचा डोंगर काढायचा. मन शांत होईल, श्वासही सुधारेल," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. थायलंडमधल्या चियांग माई शहराजवळच्या खेड्यातली बुआखम म्हातारी मार्चअखेर वही घेऊन तपासणीला आली, ती खोकतच.

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. "आजी, सुरुवातीचे डोंगर किती सुंदर! रंग कुणी आणले?"

"माझ्या पोरानं."

"आणि पुढं बावीस पानं नुसतं अंगणाचं कुंपण? कंटाळलात ना?"

"कंटाळते कशाला? रोज बसले. धुरातनं दिसलं तेवढंच काढलं."

"दरवर्षी जंगल पेटवतात मेले! आहेत तरी कोण हे?"

आजीनं वही मिटली. "काय की बाई."

बाहेर मुलगा स्कूटरवर थांबला होता. "काय म्हणाल्या गं?"

"चित्रं सोडू नका म्हणाल्या."

"अजिबात सोडू नकोस. तुझी ही रंगपेटी गेल्या वर्षीची अळंबी विकून आली. जाळल्या रानातच अळंबी फोफावते बघ. यंदा तर मी तुझा अख्खा डोंगर जाळलाय. पाऊस पडू दे, हिच्या दुप्पट मोठी रंगपेटी आणतो तुला."