हरकतीची मुदत

कासूजवळच्या आमच्या कातकरवाडीची मतं एकगठ्ठा पडली की आमचा माणूस निवडून येतो, म्हणून गावच्या पुढाऱ्याने वाडी ग्रामपंचायतीच्या तीन वॉर्डांत वाटून टाकली. त्यावर हरकती मागवणारी नोटीस जानेवारीत बंद दारांना चिकटवली. दिवाळीनंतर सगळी वाडी वीटभट्टीवर असते, हे तालुक्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक. जूनमध्ये परतल्यावर जानीआजीने दारावरचा कागद सोडवला आणि ग्रामसेवकापुढे धरला. तो बशीत चहा ओतत म्हणाला, “पंधरा दिवसांची मुदत होती. एकही हरकत आली नाही.” आजीने कागद जपून ठेवला. पुढच्या हिवाळ्यात मतदानाच्या सकाळी रोह्याच्या भट्टीवर पुढाऱ्याचा टेम्पो आला. आता मात्र पत्ता बरोब्बर सापडला. “चल गो आजी, मत द्यायला!” ड्रायव्हर ओरडला. आजीने विटांच्या चिखलाने तो कागद टेम्पोच्या काचेवर थापला. “पुढाऱ्याला म्हणावं, वाडी घरी नाय. हरकत असल तर पंधरा दिसांत कळव.”