बाळ-कौतुक

पक्षाघातानंतर मंदाकिनीबाईंचं मन त्यांच्याच डोक्यात बसवलेल्या एका चिपवर उतरवलं होतं आणि ती चिप लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालत असे. आज ती अपडेट करायला त्यांचा मुलगा निरंजन लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला होता. तो स्वतः लिनक्सची पॅकेजं, म्हणजे त्यात बसवायचे छोटे-छोटे प्रोग्राम, सांभाळायचा, त्यामुळे जगात दुसऱ्या कुणाला अक्कल आहे असं त्याला वाटत नसे.

“हे डोकं आहे की अडगळीची खोली?” तो म्हणाला. “ऐकू येण्याचं नवीन पॅकेज बसत नाहीये. तुझं काहीतरी जुनाट आडवं येतंय.”

“असेल बाबा,” त्या हसून म्हणाल्या.

“हे बघ. ‘बाळ-कौतुक’, आवृत्ती एक. पस्तीस वर्षांत एकदाही दुरुस्ती नाही! निव्वळ कचरा.”

“राहू दे ना रे. कुणाला त्रास होतोय त्याचा?”

“आई, तुला यातलं ओ का ठो कळत नाही. गप्प बस.”

“बरं.”

त्याने ‘बाळ-कौतुक’ काढून टाकायची आज्ञा दिली. त्या पॅकेजच्या आधारावर चालणारं आणखी काय काय त्याबरोबर जाईल, याची लांबलचक यादी पडद्यावर आली. अशी यादी न वाचता ‘हो’ दाबणाऱ्यांना निरंजन ऑनलाइन ग्रुपवर रोज गाढव म्हणत असे. पण ही यादी आईची होती. त्याने न वाचताच ‘हो’ दाबलं.

चिप पुन्हा सुरू झाली. मंदाकिनीबाईंनी डोळे उघडले.

“येतंय का आता नीट ऐकू, की परत ओरडून सांगू?”

त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“निरंजन,” त्या म्हणाल्या, “तू नेहमी असाच बोलतोस?”