लाल लुगडं

कंपनीने जुनी पंख्यांची विमानं मोडीत काढली आणि पन्नाशीतल्या झुलालच्या हाती नवं जेट काही दिलं नाही. मग तो नरडाण्याजवळच्या आपल्या गावी, आई भिकुबाईकडे येऊन राहिला.

कितीतरी वर्षं त्याचं विमान याच घरावरून जायचं. दुपारी घरघर कानी आली की भिकुबाई गच्चीवर चढून लाल लुगडं हलवायची. वरून झुलाल उजवा पंख कलवायचा. त्यानंतरच ती माउली जेवायला बसायची.

आता आभाळ रिकामं असायचं. तरी दुपार झाली की ती लुगडं घेऊन वर जायचीच.

"माय, ते विमान आता नाही. माझ्यादेखत त्याचे पंख कापले," एकदा झुलाल म्हणाला.

ती लुगडं घेऊन जिना चढू लागली. तो तिच्या मागोमाग गच्चीवर गेला.

आभाळात घारसुद्धा नव्हती. आवाज तर कसलाच नव्हता. पण समोरच्या कपाशीवरून दोन पंखांची एक मोठी सावली सरकत आली. तिने विहीर ओलांडली, ती गोठ्यावर चढली आणि झुलाल नेमका जिथे पंख कलवायचा, तिथेच तिचा उजवा पंख कलला.

भिकुबाईने लुगडं हलवलं. सावली दूर गेल्यावर तिने त्याची घडी घातली, परक्या माणसासमोर ओढतात तसा पदर कपाळावर ओढला आणि झुलालकडे वळली.

"मना झुलाल गया," ती म्हणाली. "आते तुम्ही बी जेवाले बसा, भाऊ."