सोनकान

समोरच्या घड्याळात चारला पाच कमी होते. चारला चहा. सोनकानाने सकाळीच मनाशी ठरवलं होतं, आपण होऊन वळायचं नाही. कोणी हाक मारली तर ठीक. नाही मारली तर खिशातला राजीनामा साहेबांच्या टेबलावर, आणि टांकसाळीला कायमचा रामराम.

नाणी तपासायचं काम त्याचं. छापून आलेलं चांदीचं नाणं दोन बोटांत अलगद धरायचं आणि त्याची कड पोलादी ठोकळ्यावर टेकवल्यासारखी आपटायची. खणखणीत वाजलं तर पास. आत चीर असेल तर नाणं मुकं राहतं, मग त्याची रवानगी परत भट्टीत. तीस वर्षांत एकही मुकं नाणं त्याच्या हातून निसटलं नव्हतं. उगाच का त्याला सगळे सोनकान म्हणायचे? त्याच्यासाठी नियमच होता, खोलीत कोणी पाऊल टाकायचं नाही, काय सांगायचं ते दारातून सांगायचं. खिडकीचा उजेड हवा म्हणून त्याची पाठ कायम दाराकडे असे.

बायको गेली त्याला दोन वर्षं होत आली. आधी लोक बोलायचे, मग एकेकाने तोंड फिरवलं. तोलकाम करणारी बाई तर पूर्वी दादा दादा करत दारातूनच चार गोष्टी सांगायची, तीही गप्प झाली. रडक्या माणसाची साथ कोणाला हवी असते? घरचं तर विचारूच नका. दाराची घंटी कोणी वाजवत नव्हतं. मुलगी दूरदेशी, तिचा फोन येईनासा झाला. आठवड्यापूर्वी तिचं पत्र आलं तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. वर्षभर फोन करायला फुरसत नाही आणि आता पत्राचं नाटक. त्याने ते न फोडताच कोनाड्यात टाकलं. नंतर दोनदा हातात घेतलं आणि दोनदा ठेवून दिलं.

चार वाजले. मग चार वाजून दहा मिनिटं झाली. कोणी हाक मारली नाही.

"बरं," सोनकान स्वतःशीच म्हणाला.

टेबलावर कानावर घालायची जाड टोपी पडली होती. शेजारच्या दालनात नवी यंत्रं बसली होती, त्यांनी म्हणे कानठळ्या बसतात, म्हणून सकाळी सगळ्यांना एकेक वाटली होती. सोनकानाला तर त्या यंत्रांचा काही त्रास नव्हता. लोक आजकाल फार नाजूक झाले होते, दुसरं काय. आता जाताजाता गंमत म्हणून त्याने ती टोपी चढवली आणि एक नाणं आपटलं. पास. दुसरं पास. तिसरं मुकं. मूठभर नाणी संपली, एकदाही तो अडखळला नाही.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की टोपी घातल्याने काही फरकच पडला नव्हता.

त्याने ती काढली. एक पास झालेलं नाणं घेतलं आणि यावेळी बोटांत न धरता वरून ठोकळ्यावर सोडलं. नाणं उडालं, गडगडत खाली गेलं. आवाज आला नाही. मुकं असणार. त्याने दुसरं सोडलं. मग तिसरं. एकही वाजलं नाही. तेच नाणं बोटांत धरून आपटलं की मात्र बोटांना झिणझिण्या येत, अगदी रोजच्यासारख्या. त्याने तळहात टेबलावर ठेवला. टेबल थरथरत होतं. शेजारी यंत्रं जोरात चालू होती, आणि खोलीत चिटपाखरूही नसावं अशी शांतता होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सोनकानाचा कान गेलाय, हे टांकसाळीत कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याच्या स्वतःच्याही नाही.

जमीन किंचित हलली म्हणून तो वळला. तोलकाम करणारी बाई नियम मोडून आत आली होती. तिच्या एका हातात दारापर्यंत गडगडत गेलेलं नाणं होतं, दुसऱ्या हातात चहाचा कप. तिचे ओठ हलत होते.

"कानाशी येऊन बोल," तो म्हणाला. आपला आवाज केवढा निघाला, हे त्याला कळलं नाही. ती मात्र दचकली. "दोन वर्षांत एकदा तरी चहाला हाक मारायचीस गं. एकदा तरी."

ती वाकली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "रोज मारते, दादा. आजही मारली. तुम्ही वळतच नाही. आम्हाला वाटलं, वहिनी गेल्यापासून तुम्हाला माणूसच नको झालंय."

सोनकानाने तिच्या हातातला कप घेतला, घोटभर चहा प्यायला आणि तसाच उठला. राजीनामा खिशातच राहिला. साहेबांना न विचारता तीस वर्षांत पहिल्यांदा तो वेळेआधी घरी गेला. चपला न काढताच त्याने कोनाड्यातलं पाकीट घेतलं. फोडलं. मुलीचं अक्षर लहानपणापासून मोठं, दुरूनही वाचता येईल असं. पहिलीच ओळ होती:

"बाबा, तुम्ही फोन का उचलत नाही?"